पोटातला गावगाडा

इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर गड येतात, तह येतात, लढाया आणि सनावळ्या येतात. मीही शाळेत जन्मभर तेच शिकवलं. पण मंडळी, आज ज्या राज्याचा इतिहास लिहायला बसले आहे ते तुमच्या-माझ्या पोटात आहे. लांबी वीस-बावीस फूट, वाटा सगळ्या वळणावळणाच्या, आणि कारभार बराचसा स्वतंत्र. म्हणजे आपलं आतडं. (नाक मुरडू नका! पुढे वाचा.)

सकाळी आपण पोहे खातो. घास गिळेपर्यंतचं सगळं आपल्याला कळतं. त्यानंतर त्या घासाचं काय होतं, तो कुठे थांबतो, कुठून पुढे सरकतो, याचा पत्ताच नसतो. मग त्याला पुढे ढकलतं कोण? शाळेत मुलांना विचारलं असतं तर पहिल्या बाकावरून एका सुरात उत्तर आलं असतं, "मेंदू, बाई!" मोठमोठ्या विद्वानांनाही पुष्कळ काळ असंच वाटत होतं. हे उत्तर अपुरं आहे हे शोधलं कोणी, आणि शोधल्यावर जग ते विसरलं कसं, ही आजची गोष्ट.

सुरुवात जर्मन शास्त्रज्ञांपासून. 1857 साली, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला त्याच साली, गेओर्ग माइसनर यांनी आतड्याच्या आतल्या अस्तराखाली मज्जापेशींचं एक बारीक जाळं पाहिलं. पुढे पाच-सात वर्षांत ब्रेस्लाऊ शहरातल्या लेओपोल्ड आउअरबाख नावाच्या डॉक्टरांना दुसरं जाळं सापडलं. (ब्रेस्लाऊ म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्ह्रोत्सवाफ.) आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला थर बांगडीसारखा गोल फिरतो, बाहेरचा उभा जातो. या दोन थरांच्या मध्ये, जणू दोन गोधड्यांच्या मध्ये जाळी अंथरावी तसं, आउअरबाख यांचं जाळं पसरलेलं आहे. दोन्ही जाळ्यांना आजही त्या दोघांची नावं आहेत.

जाळी सापडली, पण ती करतात काय? शरीररचना सांगणं वेगळं आणि कारभार सांगणं वेगळं. नकाशात किल्ला दाखवला म्हणून किल्लेदार काय करत होता हे कळत नाही.

ते कळलं लंडनमध्ये, 1899 साली. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघे युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एकत्र काम करत. नात्यानं मेहुणे, कारण स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. एक शांत नि सावकाश, दुसरा घाईचा आणि धडाडीचा, पण जोडी जमली ती जमलीच. हाच स्टार्लिंग 1892 मध्ये शिकायला म्हणून ब्रेस्लाऊला, आउअरबाख यांच्याच गावी, राहून आला होता.

दोघांनी काय केलं? कुत्र्याला भूल देऊन पोट उघडलं आणि मेंदूकडून व पाठीच्या कण्याकडून आतड्याकडे येणारे सगळे मज्जातंतू कापून टाकले. म्हणजे दिल्लीहून येणाऱ्या सगळ्या तारा तोडल्या. आता आतडं निपचित पडायला हवं होतं. पण आत छोटा बोळा ठेवला, किंवा एका जागी चिमटा घेतला, की त्या जागेच्या वरचा भाग आवळायचा आणि खालचा भाग सैल पडायचा. तोंडाकडची बाजू घट्ट, गुदाकडची बाजू मोकळी. दर वेळी असंच, उलट कधीच नाही. बोळा आपोआप पुढे. मज्जातंतू बधिर करणारं औषध वापरलं की मात्र हा खेळ बंद. म्हणजे ही करामत नुसत्या स्नायूंची नव्हती. आतड्याच्या भिंतीतल्या त्या जाळ्याची होती. या नियमाला त्यांनी नाव दिलं "आतड्याचा कायदा".

हा कायदा बायकांना तर चटकन समजेल. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण काय करतो? नाडीच्या टोकाला पिन लावतो, पिनेच्या मागचं कापड चिमटीत धरतो आणि पुढचं कापड मोकळं करतो. नुसतं मागून रेटलं आणि पुढे चुणी तशीच राहिली तर पिन अडकून बसते. ढकलण्याइतकंच पुढचं सोडणंही महत्त्वाचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. हे ज्ञान मुक्या जिवांच्या देहावर मिळालं आहे. बेलिसवर पुढे 1903 मध्ये आरोप झाला की त्यानं वर्गातल्या प्रात्यक्षिकात एका तपकिरी कुत्र्याला नीट भूल न देता चिरलं. प्रकरण कोर्टात गेलं, बेलिसनं अब्रुनुकसानीचा दावा जिंकला आणि मिळालेले 2000 पौंड कॉलेजच्या संशोधनाला दिले. प्राणिप्रेमींनी 1906 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभारला, त्यावरून विद्यार्थ्यांनी दंगली केल्या आणि 1910 मध्ये तो रातोरात हलवला गेला. 1985 मध्ये नवा पुतळा बसवला. कोर्टानं निकाल दिला तरी समाजाच्या मनातला प्रश्न मिटला नव्हता, एवढंच त्यातून दिसतं.

असो. आता मुख्य रस्त्यावर येऊ.

जॉन लँग्ली नावाचे केंब्रिजचे एक शिस्तप्रिय प्राध्यापक होते. शरीरातली जी कामं आपल्या इच्छेवाचून चालतात, त्यांच्या मज्जासंस्थेचं त्यांनी 1921 सालच्या आपल्या पुस्तकात तीन खात्यांत वर्गीकरण केलं. त्यातली दोन खाती सगळ्यांना माहीत असतात. एक, संकटात छाती धडधडवणारं. दुसरं, निवांत वेळी पचन वगैरे सांभाळणारं. तिसरं खातं मात्र त्यांनी खास आतड्यासाठी राखलं. कारण साधं होतं. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी कोट्यवधी, आणि मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जेतून खाली हुकूम घेऊन येणारे धागे काही हजार. एवढ्याशा तारांवर एवढ्या लोकसंख्येचा कारभार वरून कसा चालेल?

मला हे वाचताना आपला जुना गावगाडा आठवला. तख्तावर आज मोगल, उद्या पेशवे, परवा इंग्रज. पण गावात पेरणी वेळेवर होई, विहिरीचं पाणी वाटलं जाई, पाटील-कुलकर्णी आपापलं काम करत, सुतार-लोहार नांगर दुरुस्त करत. रोजच्या बारीकसारीक कामांसाठी कोणी राजधानीला पत्र लिहीत नव्हतं. (गावगाड्यात अन्यायही रग्गड होता. उपमा तेवढ्यापुरतीच घ्या.)

पण लँग्लींचं तिसरं खातं पुढच्या पिढ्यांनी गुंडाळून ठेवलं. योगायोग असा की त्याच 1921 साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरचा आपला गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या रूपानं देतात, हे त्यातून दिसलं. 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं. शोध मोठाच होता. पण त्यानंतर सगळ्यांचं लक्ष दोन खाती आणि दोन रसायनं या सुटसुटीत मांडणीवर गेलं. एक ब्रेक, एक अॅक्सिलरेटर. पाठ्यपुस्तकात दोन रकान्यांचा तक्ता छापला की काम भागलं! आतड्यातल्या कोट्यवधी पेशी त्या तक्त्यात नुसत्या निरोप पुढे देणाऱ्या चौक्या ठरल्या. पाठ्यपुस्तकं काय करतात हे मला चांगलं माहीत आहे. राजांच्या वंशावळी पाठ होतात आणि गाव कसं चाललं ते पुस्तकाबाहेर राहतं. परीक्षेत विचारत नाहीत ना, म्हणून.

तरी काही माणसं चिकाटीनं त्याच गावात राहिली. 1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, जर्मनीत पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट क्षाराच्या पाण्यात ठेवला आणि आतला दाब हळूच वाढवला. तुकड्यातून ठरल्या दिशेनं लाट गेली. इथे मेंदू नाही, कणा नाही, शरीरच नाही. तरी आतडं आपलं काम करतंच आहे!

याच ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये एडिथ ब्यूलब्रिंग ही तरुणी काम शिकली. तिची आई ज्यू. 1933 मध्ये हिटलरची राजवट आली आणि तिची नोकरी गेली. ती इंग्लंडला आली आणि पुढे ऑक्सफर्डला स्थिरावली. 1950 च्या दशकाअखेर तिनं आपल्या गुरूचीच पद्धत हाती घेऊन एक जुना प्रश्न सोडवायला घेतला: आतड्याला मुळात कळतं कसं की आत काहीतरी आलं आहे? उत्तराचा एक धागा सेरोटोनिन या रसायनात होता. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींत त्याचा साठा असतो. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते 1930 च्या दशकात आतड्यात सापडलं होतं, अमेरिकेत 1948 मध्ये ते रक्तातून वेगळं काढलं गेलं, आणि दोन्ही एकच हे 1952 मध्ये ठरलं. ब्यूलब्रिंग आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आतला दाब वाढला की अस्तरातून सेरोटोनिन सुटतं आणि ते संवेदना घेणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. घरातून हाकललेल्या बाईनं गुरूचं काम असं पुढे नेलं, हे मला फार भावलं.

पुढचा हिशेब हळूहळू जुळत गेला, तो आज साधारण असा सांगतात. घास अस्तराला घासतो किंवा भिंत ताणतो. अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. संवेदना घेणाऱ्या मज्जापेशी जाग्या होतात आणि शेजारच्या मधल्या पेशींना खबर देतात. मधल्या पेशींच्या दोन साखळ्या, एक वर तोंडाच्या दिशेला, दुसरी खाली. वरच्या साखळीच्या टोकाची पेशी मुख्यतः असिटाइलकोलिन सोडते, स्नायू आवळतो. खालच्या साखळीच्या टोकाची पेशी स्नायू सैल करणारी रसायनं सोडते. त्यातलं एक नायट्रिक ऑक्साइड हा चक्क वायू आहे, आणि त्याचं हे काम 1990 च्या सुमारास उघड झालं. म्हणजे 1899 चा कायदा खरा, पण त्यातल्या "सैल सोडा" या कलमाचा कारकून सापडायला नव्वद वर्षं लागली!

अमेरिकेतल्या मायकेल गर्शन यांनी सेरोटोनिन हे आतड्यातल्या मज्जापेशींचंही निरोपाचं रसायन आहे असं 1960 च्या दशकात मांडलं, तेव्हा पुष्कळांनी मानलं नाही. त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि 1998 मध्ये त्यांनी आतड्याच्या या मज्जासंस्थेवर "दुसरा मेंदू" अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून हा शब्द फार बोकाळला आहे. व्हॉट्सअॅपवर तर रोज कोणीतरी "तुमचं पोट विचार करतं" असं पाठवतं. माझी विनंती, जरा दमानं घ्या. आतडं विचार करत नाही, पाढे म्हणत नाही, भाच्याच्या लग्नाची काळजीही करत नाही. ते जे करतं ते स्थानिक आहे, पण त्यातलं फार चोख आहे. आणि आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं असंही मी म्हणणार नाही. त्यांनी पोटातल्या हालचालीला समान आणि अपान वायू म्हटलं, निरीक्षण बारीक होतं. पण पेशी दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो, तो नव्हता.

मेंदूचा काहीच संबंध नाही असंही नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर रोज सकाळी येऊन पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "आजी, वारा सरला का?" मी लाजून चूर. पण प्रश्न नेमका होता. पोटाला मोठी इजा झाली की वरून "थांबा" असा हुकूम येतो, शिवाय आतड्यालाही सूज येते, आणि कारभार काही काळ ठप्प होतो. वारा सरला म्हणजे कामकाज पुन्हा सुरू झालं. उरलेल्या वेळी व्हेगसचे बहुतेक धागे खालून वर खबरा नेणारे आहेत. हुकूम कमी, अहवाल जास्त. आमच्या वेळच्या शिक्षण खात्याच्या बरोबर उलट!

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तिकडे येते. हे घरच्यांसाठी आहे, विशेषतः.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली बर्लिनच्या एका सभेत दोन तान्ह्या मुलांची हकिगत सांगितली. जन्मापासून शी होत नव्हती, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, दोघंही दगावली. तपासताना मोठं आतडं प्रचंड फुगलेलं दिसलं. फुगलेलं दिसतं म्हणून दोष त्यातच असणार, असं पुढे सत्तर-साठ वर्षं बहुतेकांनी धरलं आणि शस्त्रक्रियाही फुगलेल्या भागावर केल्या. दोष होता त्याच्या खालच्या, दिसायला साध्या, अरुंद तुकड्यात. त्या तुकड्यात आउअरबाख यांच्या जाळ्यातल्या मज्जापेशीच नव्हत्या. काही अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलं होतं, पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. अखेर 1948 मध्ये बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो अरुंद तुकडा काढून निरोगी आतडं खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि मुलं वाचू लागली.

नेफ्यातली नाडी आठवा. पुढची चुणी मोकळी करणारा हातच नाही, तर मागून कितीही रेटलं तरी पिन अडकणारच. त्या बाळांच्या आतड्याला ढकलता येत होतं, पण शेवटच्या तुकड्याला सोडता येत नव्हतं. मागचा भाग बिचारा ढकलून ढकलून फुगत होता.

आणि त्या पेशी तिथे का नसतात? गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असताना या पेशी मानेच्या पातळीवरून निघतात आणि आतड्याच्या भिंतीतून वरून खाली चालत येतात. सातव्या आठवड्यापर्यंत त्या शेवटाला पोचतात. कधी कधी त्यांची वाटचाल अर्ध्यावर थांबते आणि शेवटचं गाव ओस राहतं. साधारण पाच हजार जन्मांत एकदा असं होतं. 1994 मध्ये यामागचं एक जनुकही सापडलं.

आमच्या थोरल्या वहिनींचा पहिला मुलगा 1961 साली गेला. मी तेव्हा दहा वर्षांची. चौथ्या दिवशी त्याचं पोट ताशासारखं ताणलं होतं, हिरवट उलट्या होत होत्या, आणि त्याला एकदाही शी झाली नव्हती. गावात डॉक्टर नव्हता, तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. तो याच आजाराचा होता असं आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, कारण तपासणी झालीच नाही. पण घरात निकाल मात्र लगेच लागला. वहिनींनी सातव्या महिन्यात उपासाला नको ते खाल्लं, ग्रहण पाळलं नाही, दूध जड होतं. त्यांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. पुढे तीन मुलं झाली, नातवंडं झाली, तरी त्या दर गरोदर सुनेला खाण्यापिण्यावरून इतकं जपायच्या की सुना कंटाळायच्या. ते कंटाळवाणं जपणं कुठून आलं होतं हे फार थोड्यांना माहीत होतं. वहिनी 2009 मध्ये गेल्या.

म्हणून सांगते. तो आजार असो की त्याच्यासारखा दुसरा एखादा जन्मजात अडथळा, उपासाला काय खाल्लं यानं तो होत नाही आणि ग्रहणानं तर नाहीच. पेशींची ती वाटचाल सातव्या आठवड्यापर्यंत संपते. ज्या सातव्या महिन्यावरून वहिनींना बोल लागले, त्याच्या कितीतरी आधी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आपल्या घरात ही गोष्ट अजून कुजबुजत सांगितली जाते. यापुढे सांगायचीच तर अशी सांगा.

आणि घरातल्या नव्या आयांनो, आज्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळपट, चिकट शी बहुधा चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास उलटले तरी झाली नाही, किंवा पोट फुगलं, तर वाट पाहू नका, हिंग लावत बसू नका, मुलांच्या डॉक्टरकडे न्या. उलटी हिरवी झाली तर तासाचाही उशीर नको. आज यावर शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक मुलं मोठी होऊन शाळेत जातात.